बर्फाचे गाव आणि जुन्नरचा बाजार

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या बाजारपेठांत व्यापाऱ्यांशी चार गोष्टी बोलायला बसले की एक तक्रार हटकून ऐकू येते. गाड्या भरपूर येतात, गिऱ्हाईक येत नाही. शनिवार-रविवारी शिवनेरीच्या पायथ्याशी, लेण्याद्रीला, नाणेघाटात, माळशेजच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. सकाळी आलेला माणूस संध्याकाळी पुण्या-मुंबईला परततो. पाण्याची बाटली, वडापाव आणि फार तर एक द्राक्षाची पेटी, एवढाच त्याचा आपल्या बाजाराशी संबंध. जाताना तो रिकाम्या पिशव्यांचा कचरा मात्र ठेवून जातो. पुणे-नाशिक महामार्गाला नारायणगाव व मंचर येथे बाह्यवळण झाल्यापासून तर पुष्कळ गाड्या गावात शिरतही नाहीत.

शासनाने २०१८ साली जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. तेव्हा आपल्यापैकी अनेकांना वाटले होते की आता दिवस पालटतील. दिवस काही प्रमाणात पालटलेही. पण ते कोणाचे? रस्त्याकडेला जमीन असणाऱ्याचे, बाहेरून पैसा आणून हॉटेल बांधणाऱ्याचे. शिंपी, नदाफ, बागवान, आतार, वेल्डर, गॅरेजवाला, बेकरीवाला यांच्या गल्ल्यात काय पडले, हा प्रश्न आम्ही आज विचारणार आहोत. उत्तर शोधण्यासाठी वाचकांना थोडे दूर, बर्फाच्या मुलुखात न्यावे लागेल. त्याबद्दल त्यांनी राग मानू नये. व्यापाऱ्याने दुसऱ्याची पेठ पाहून आपले दुकान सुधारावे, ही जुनीच रीत आहे.

गरिबीतून वर आलेले एक गाव

ऑस्ट्रिया देशात टिरोल नावाचा डोंगरी प्रांत आहे. तेथे इन नदीच्या वरच्या खोऱ्यात सुमारे १२०० ते १४०० मीटर उंचीवर सर्फाउस, फिस आणि लाडिस अशी शेजारशेजारची तीन गावे आहेत. सर्फाउसची कायमची वस्ती हजार-बाराशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान गावाएवढी. आज युरोपात कुटुंबासह बर्फावर घसरण्याचा खेळ शिकायचा म्हटले की ज्या गावांची नावे आधी घेतली जातात, त्यांत या गावाचे नाव आहे. पायाला लांब पट्ट्या बांधून, हातात दोन काठ्या धरून बर्फाच्या उतारावरून खाली यायचे, असा हा खेळ. त्याला स्कीइंग म्हणतात.

पण या मुलुखाची पूर्वीची स्थिती ऐकण्यासारखी आहे. शेतीच्या वाटण्या होत होत तुकडे एवढे लहान झाले होते की घरच्या सगळ्या तोंडांना अन्न पुरत नसे. टिरोल आणि आसपासच्या डोंगरी भागातील गरीब आईबाप आपल्या लहान मुलांना वसंताच्या सुरुवातीला बर्फातून पायी चालवत जर्मनीच्या श्वाबेन भागात पाठवीत. तेथे रेव्हन्सबर्गसारख्या गावी चक्क मुलांचा बाजार भरे. श्रीमंत शेतकरी त्यांना हंगामापुरते गुराखी, मोलकरीण म्हणून घेऊन जात. शरदात ती मुले एक जोड कपडे आणि थोडे पैसे घेऊन परतत. ही प्रथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होती. ज्या बर्फाने त्यांना उपाशी ठेवले, त्याच बर्फावर पुढे त्यांच्या नातवंडांनी भाकरी कमावली.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील कितीतरी घरे पोरांना मुंबईला पाठवून जगली. आपल्या मोहल्ल्यांतही हेच झाले. म्हणून ही कथा आम्हाला परकी वाटत नाही.

धाडसी माणूस एकटा येतो, नवशिका घर घेऊन येतो

या गावांनी काय केले, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्यांनी जगातील सर्वांत उंच, सर्वांत अवघड उतार आमच्याकडे आहे अशी बढाई मारली नाही. त्यांनी ज्याला काहीच येत नाही आणि ज्याला थोडेफार येते, अशा माणसावर आपला धंदा उभा केला. कारण साधे आहे. जो पट्टीचा खेळाडू आहे, तो आपले सामान आपण आणतो, पहाटे निघतो, दिवसभर वर राहतो आणि कोरडा डबा खाऊन परततो. त्याला गावाची गरज नसते. नवशिक्याला मात्र सगळेच लागते. जोडे भाड्याने हवेत, पट्ट्या हव्यात, गरम कपडे हवेत, हात धरून शिकवणारा हवा, पडल्यावर मलमपट्टी हवी, गरम जेवण हवे आणि अंग दुखते म्हणून रात्री मऊ बिछाना हवा. शिवाय हा खेळ एका दिवसात येत नाही. त्यामुळे तो मुक्काम करतो. मुलाबाळांसह आला तर त्याच्या प्रत्येक गरजेला चार-पाचने गुणावे लागते.

म्हणून तेथे लहान मुलांसाठी अगदी सौम्य उताराची वेगळी मैदाने आखलेली असतात. मुलाला वर चढायचे कष्ट नकोत म्हणून जमिनीलगत सरकणारा पट्टा असतो. त्याला तिकडे 'जादूचा गालिचा' म्हणतात. मूल शिक्षकाच्या ताब्यात दिले की आईबाप निश्चिंत. उतारांना रंगांच्या खुणा असतात. युरोपात साधारणपणे निळा म्हणजे सोपा, लाल म्हणजे मध्यम आणि काळा म्हणजे अवघड. काही देशांत अगदी सोप्यासाठी हिरवाही असतो. अक्षरओळख नसलेल्यालाही आपण कोणत्या वाटेने जावे हे कळते.

सर्फाउसने आणखी एक शहाणपण केले. मोटारींनी गाव कोंडू नये म्हणून १९८५ साली त्यांनी गावाच्या पोटातून चार थांब्यांची एक छोटी भूमिगत रेल्वे सुरू केली. दिवसभरासाठी येणाऱ्याने गाडी वेशीवर ठेवायची आणि त्या रेल्वेने फुकट जायचे. रेल्वे फुकट, पण वाटेत दुकाने आहेत, हे विसरू नका! पायी चालणारा माणूस दुकानापाशी थांबतो, मोटारीतला माणूस काच वर करून निघून जातो. पुढे तिन्ही गावांनी आपापले उतार जोडून एकच मोठे क्षेत्र केले व एकाच पासावर सगळीकडे फिरण्याची सोय केली. शेजारच्या गावाचे गिऱ्हाईक पळवण्यापेक्षा तिघांनी मिळून गिऱ्हाईक वाढवले.

आपल्या देशातले उदाहरण

कोणी म्हणेल, ऑस्ट्रिया श्रीमंत देश आहे, तेथील गोष्ट आपल्याला कशाला? मग काश्मीरमधील गुलमर्ग पाहा. समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवरील हे मैदान. येथे केंद्रीय पर्यटन खात्याची स्कीइंग व गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे. १९९८ साली येथे गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारी पाळणागाडी, कोंगडोरीपर्यंत सुरू झाली आणि २००५ साली तिचा दुसरा टप्पा अफरवटच्या डोंगरावर गेला. दुसऱ्या टप्प्यावरचे उतार जगभरच्या कसलेल्या खेळाडूंना ओढतात. पण सामान्य काश्मिरी माणसाची रोजी चालते ती खालच्या सपाट मैदानावर. तेथे गुजरात, महाराष्ट्र, बंगालमधून आलेली कुटुंबे आयुष्यात पहिल्यांदा बर्फाला हात लावतात. पायथ्याच्या टंगमर्गला दुकानांतून कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. वर घोडेवाले, ढकलगाडी ओढणारे, शिकवणारे, कहवा विकणारे, शाली आणि कागदाच्या लगद्याच्या नक्षीकामाचे कारागीर असतात. यातील बहुतेक सगळे आपल्यासारखेच हातावर पोट असणारे मुसलमान बांधव आहेत.

गुलमर्गची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये बराच काळ तेथे बर्फच पडला नाही. ऐन हंगामात मैदान करडे राहिले, लोकांनी बेत रद्द केले आणि हिवाळी क्रीडास्पर्धाही पुढे ढकलाव्या लागल्या. पुढच्या वर्षी, २२ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामजवळ बैसरन येथे पर्यटकांवर भ्याड हल्ला होऊन २६ निरपराध जीव गेले. त्यांत पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही होता. त्यानंतर खोरे ओस पडले. या दोन गोष्टींतून दोन धडे मिळतात. एकाच हंगामावर घर चालवू नये. आणि पर्यटन हा मुळात विश्वासाचा धंदा आहे. माणूस आपली बायकामुले तुमच्या हवाली करतो. त्याचा विश्वास उडाला की कितीही सुंदर डोंगर असला तरी तेथे कुत्रे फिरकत नाही.

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे बर्फ नाही, आणि तो आणायचीही गरज नाही. थंडगार खोलीत बनावट बर्फ ठेवून तिकीट लावणारे खेळ महाराष्ट्रातील शहरांनी पाहिले आहेत. ते मोठ्या भांडवलाचे काम आहे. आपल्याकडे निसर्गाने आणि इतिहासाने जे फुकट दिले आहे त्याची मोजदाद आधी करू.

शिवाजी महाराजांचा जन्म झालेला, सात दरवाजांचा शिवनेरी. सुमारे ३०० पायऱ्या चढून जावे लागणारी लेण्याद्रीची बौद्ध लेणी आणि तेथील गिरिजात्मज. ओझरचा विघ्नहर. सातवाहनांच्या काळी कोकणातून देशावर येणारा माल ज्या वाटेने चढे, तो नाणेघाट आणि तेथील जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. चावंड, हडसर, निमगिरी, जीवधन हे किल्ले. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र. आंबेगावात डिंभे धरणाचे पाणी, आणि मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरच्या अरण्याकडे जाणारा रस्ता. खुद्द जुन्नरात मलिक अंबरच्या काळाची आठवण देणारा हापूसबागेतील हबशी महाल आणि सौदागर घुमट. सौदागर म्हणजे व्यापारी! ज्या गावात व्यापाऱ्याच्या नावाने घुमट उभा आहे, त्या गावच्या व्यापाऱ्याने येणाऱ्या गाड्या नुसत्या मोजत बसावे, हे शोभते काय?

आता सर्फाउसचा हिशेब येथे लावून पाहा. नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत जुन्नरच्या बाजूने गाडी जाते. आजी-आजोबांसाठी तो हिरवा उतार. शिवनेरी आणि लेण्याद्री पायऱ्यांचे, ते निळे. चावंड थोडा दमवणारा; तो लाल. जीवधनच्या तुटलेल्या कातळपायऱ्या जाणत्या माणसासाठी, तो काळा. पण असा रंगीत फलक लावलेला कोठे दिसतो? मुंबईचे कुटुंब येते. त्याला काहीच कळत नाही. एक तर ते खालूनच परतते, नाही तर नको तेथे चढते.

नको तेथे जाण्याचा परिणाम काय होतो, हे आपण विसरलेलो नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पुण्याहून सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. ते आपल्याच समाजातले कुटुंब होते. घरच्या लग्नासाठी जमलेली माणसे एक दिवस मौजेला गेली आणि परत आली नाहीत. त्या वाटेवर कोणी स्थानिक जाणता माणूस उभा असता, पाणी वाढायच्या आधी बाहेर काढणारा कोणी असता, तर ती मुले आज शाळेत असती. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यात घाट-धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघतात. बंदी हा प्रशासनाचा नाइलाज आहे. बंदी आली की गिऱ्हाईकही जाते. सुरक्षितता ही म्हणूनच दुकानातल्या वजनकाट्याइतकीच व्यापाराची गोष्ट आहे.

कोणाच्या हाताला काय काम

समजा, पाच माणसांचे एक कुटुंब सकाळी येऊन संध्याकाळी जाण्याऐवजी दोन रात्री राहिले. त्यासाठी शेतकऱ्याच्या घरी दोन खोल्या लागतात. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली मंजूर झाले, तेव्हापासून अशा घरांना रीतसर वाटही मिळाली आहे. त्या खोल्यांना गाद्या-रजया कोण भरणार? नदाफ. पडदे, चादरी, पावसाळी टोप्या, पाठीवरच्या पिशव्या कोण शिवणार? शिंपी. चढावर लोखंडी कठडे, दिशाफलक कोण करणार? वेल्डर. जोड्याचा तळ निघाला तर कोण शिवणार? गाडी घाटात बंद पडली तर कोण धावणार? पाव, नानखटाई, बिर्याणी, फळे, मध, हातसडीचा तांदूळ कोण पुरवणार? यातील एकाही कामासाठी परदेशातून माणूस आणावा लागत नाही. ही सगळी माणसे याच पेठेत बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत आहेत.

आणि कागदाची गोष्ट? जुन्नरचा हातकागद एकेकाळी दूरदूरच्या दप्तरांत जात असे. तो बनवणारे कागदी आपलेच. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि ती विद्या मागे पडली. आज तोच कागद गिरणीशी स्पर्धा करण्यासाठी करायचा नाही. शहरातील मुलाला लगद्यात हात घालू द्या, साच्यावर पहिला वेडावाकडा ताव उचलू द्या, वाळवून त्याच्या हाती द्या. तो ताव विकत घेण्यापेक्षा स्वतः केल्याचे मोल आईबाप आनंदाने देतील. हाच कारागिराचा 'सोपा उतार'. माल विकताना एकदाच पैसा मिळतो, शिकवताना पुन्हा पुन्हा मिळतो.

शंका आणि उत्तरे

पहिली शंका: भांडवल कोठून आणायचे? आमचे म्हणणे असे की सुरुवातीला मोठे भांडवल लागतच नाही. कर्ज काढून हॉटेल बांधू नये. दहा दुकानदारांनी सारखा हिस्सा घालून भाड्याने देण्याचे सामान घ्यावे: छत्र्या, पावसाळी कोट, बूट, काठ्या, विजेऱ्या, झोपायच्या पिशव्या. नफा-तोटा हिश्शाप्रमाणे वाटावा. व्याजाचा काटा पायात रुतवून घेऊन डोंगर चढता येत नाही.

दुसरी शंका: हंगाम चार महिन्यांचा. त्याला एक जुनी हकिगत सांगतात. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे पूर्वी फक्त उन्हाळ्यात इंग्रज पाहुणे येत. १८६४ साली बाड्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने त्यांना सांगितले, हिवाळ्यात येऊन पाहा; आवडले नाही तर प्रवासखर्च मी देईन. ते आले, आणि वसंतापर्यंत राहिले. आपल्याकडेही पावसाळ्यात घाट, हिवाळ्यात किल्ले, त्यानंतर द्राक्षे असा क्रम लावता येतो. एका ऋतूने दगा दिला तरी दुसरा हात देईल.

तिसरी शंका: बिबट्याच्या भीतीने कुटुंबे कशी येतील? भीती खोटी नाही. या दोन तालुक्यांतील उसाच्या रानांनी लेकरे गमावली आहेत. म्हणूनच अंधारात पाहुण्याला बाहेर जाऊ न देणे, अंगणात दिवा ठेवणे, उघड्यावर उष्टे-मांस न टाकणे हे नियम घरोघर पाळले गेले पाहिजेत. मटणाच्या दुकानदारांनी तर याबाबतीत दुसऱ्याने बोट दाखवायची वाट पाहू नये.

चौथी शंका दबक्या आवाजात विचारली जाते. येणारा पाहुणा गडासाठी, देवस्थानासाठी येतो. तो आपल्या दुकानात येईल का? अलीकडे कोणाकडून माल घ्यावा, कोणाकडून घेऊ नये, असे बोलणे काही ठिकाणी ऐकू येते, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यावर रुसून शटर ओढणे हा उपाय नव्हे. माळी, मराठा, कोळी, ठाकर, मुसलमान अशा सर्वांच्या हिश्शाची एकच मंडळी उभी राहिली, तर पाहुण्याने दिलेल्या रुपयात सगळ्यांचा वाटा असेल. मग त्यातला एक धागा तोडायला कोणी पुढे येणार नाही. कारण तो धागा त्याच्याही सदऱ्याचा असेल. तीन गावांनी बर्फावर जे केले, ते दोन तालुक्यांना मातीवर का जमू नये?

एवढे तरी करू

आमची विनंती मोठी नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पेठेतील व्यापाऱ्यांनी एकदा बसावे. दरपत्रक छापून दुकानाबाहेर लावावे आणि शनिवारीही ते बदलू नये. ग्रामपंचायत, वनखाते आणि जेथे पुरातत्त्व खात्याचा संबंध येतो तेथे त्यांची परवानगी घेऊन सोप्या-अवघड वाटांचे रंगीत फलक लावावेत. प्रत्येक मोहल्ल्यातून दोन मुलांनी प्रथमोपचार शिकावेत आणि वाटाड्याचे काम पत्करावे. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असावे. ते नसेल तेथे कुटुंब दुसऱ्यांदा येत नाही, हे लिहून ठेवावे. दारू आणि कर्णे यांना मज्जाव असावा. बायकामुलांना घेऊन येणारा माणूस अशीच जागा शोधत असतो.

कागद्यांची विद्या आपल्या डोळ्यांदेखत गेली, तेव्हा काळ बदलला म्हणून आपण गप्प बसलो. आता गाड्यांची रांग दारावरून जात आहे. तीही नुसती पाहत राहिलो, तर उद्या आपली मुले त्याच गाड्यांचे चालक म्हणून पुण्याला जातील. त्यांना येथेच, आपल्या घराच्या सावलीत हलालची रोजी मिळावी, असे ज्यांना वाटते त्यांनी उद्या दुकान उघडताना पहिला विचार नवशिक्याचा करावा. ज्याला काही येत नाही, त्याचा हात धरणारा उपाशी राहत नाही.